‘काही नाही’ म्हणू नका

आपल्या वार्षिकांकाचे जुने अंक ग्रंथालयात बांधून ठेवलेले आहेत. मागच्या सुट्टीत ते चाळत बसलो होतो. सहलींची वर्णने आहेत, हुंड्यावर लेख आहेत, वसतिगृहातल्या आमटीवर विनोदी लेख तर दर दोन वर्षांनी आहे, आणि कवितांची गणतीच नको. प्रेमभंगाने व्याकूळ झालेले, समाजव्यवस्थेवर संतापलेले, नोकरीच्या चिंतेने काळवंडलेले असे अनेक विद्यार्थी त्या पानांतून भेटले. परंतु ‘मला भीती वाटते, ती इतकी वाटते की वर्गात बसवत नाही,’ असे लिहिणारा एकही भेटला नाही. म्हणजे इतक्या वर्षांत आपल्या महाविद्यालयात असा कुणी शिकलाच नाही असे थोडेच आहे? तो शिकला असणार, मागच्या बाकावर दाराजवळ बसला असणार, आणि एक दिवस यायचा बंद झाला असणार. त्याच्या वतीने आणि माझ्या वतीने हा लेख मी लिहीत आहे.

मी तृतीय वर्ष कला वर्गाचा विद्यार्थी. गाव तासगाव तालुक्यात, घरी दीड एकर द्राक्षबाग. रोज एस.टी.ने सांगलीला येतो आणि जातो. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये, द्वितीय वर्षाला असताना, एका सकाळी गाडीला खच्चून गर्दी होती. पावसामुळे खिडक्या बंद होत्या. माधवनगर जवळ आले आणि एकाएकी माझी छाती धडधडू लागली. धाप लागली, घसा कोरडा पडला, डाव्या हाताला मुंग्या आल्या, डोळ्यांपुढची माणसे दूर कुठेतरी असल्यासारखी दिसू लागली. आपण आता मरणार, अशी माझी खात्री झाली. शंका नव्हे, खात्री. मी ओरडलो की काय केले ते आठवत नाही, पण कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली आणि दोन प्रवाशांनी मला उतरवून रिक्षात घातले.

दवाखान्यात पोचेपर्यंत निम्मे वादळ ओसरले होते. डॉक्टरांनी ई.सी.जी. काढला, रक्तदाब पाहिला आणि हसून पाठीवर थाप मारली. “काही नाही रे! पित्त असेल. तरुण मुलगा तू, कशाला घाबरतोस? जा घरी.”

वाचकहो, ‘काही नाही’ हे दोन शब्द मी त्यानंतरच्या चार महिन्यांत किती वेळा ऐकले याचा हिशेब ठेवला असता तर वही भरली असती. हे शब्द बोलणारी माणसे चांगली होती, माझ्या भल्यासाठीच बोलत होती. तरीही या दोन शब्दांनी माझे फार नुकसान केले, असे माझे मत आहे. ते का, हेच मला सांगायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की ‘काही नाही’ हे खरे नव्हते. माझ्या छातीत जे झाले ते झालेच होते. हृदय खरोखर धावत होते, घाम खरोखर फुटला होता. ज्याला हे झाले त्याला जर तुम्ही ‘काही नाही’ म्हणालात, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर ‘यांना सापडले नाही, म्हणजे रोग अवघड आहे,’ असे समजायचे. नाही तर ‘मी सोंग करतो असे यांना वाटते,’ असे समजून गप्प बसायचे. मी आलटून पालटून दोन्ही केले.

घरी आज्जीने मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. “लेकराला कुणाची तरी नजर लागली गं,” असे ती आईला म्हणाली. आबांनी बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि मला दुसऱ्या डॉक्टरकडे नेले. टू-डी इको झाला, थायरॉइड झाले, पोटाची सोनोग्राफी झाली, एकदा डोके दुखले म्हणून मेंदूचे चित्र काढून झाले. सगळे उत्तम! प्रत्येक अहवाल हातात पडला की मला आनंद होई, आणि तो आनंद दिवसेंदिवस आटत जाई. इकोच्या अहवालाने मला चार दिवस झोप दिली. रक्ताच्या अहवालाने दोन दिवस दिली. आज्जीच्या मीठमोहऱ्यांचा गुण दुपारपासून संध्याकाळपर्यंत टिकला. तेव्हा मी आज्जीला हसलो होतो. आज मला वाटते की त्या वेळी माझ्यापुरता इको आणि मीठमोहऱ्या यांत फरक नव्हता. दोन्हींनी घटकाभर धीर दिला आणि उद्या आणखी धीराची भूक लावून ठेवली. फरक एवढाच की आज्जीने पैसे घेतले नाहीत.

या चार महिन्यांत मी काय काय करीत होतो ते सांगायला आज लाज वाटते, पण सांगतो, कारण हे करणारा वाचक या अंकाला निश्चित मिळेल. मी दिवसातून तीस-चाळीस वेळा नाडी पाहत असे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पुस्तकांच्या पिशवीत ठेवत असे आणि तास चालू असताना बाकाखाली लावून बघत असे. आरशात जीभ पाही, गळ्यावर गाठ शोधी. एकच जागा दिवसभर चाचपल्यावर ती दुखणारच. दुखली की गाठ आहे हे सिद्ध! आईला विचारी, “माझा चेहरा पांढरा दिसतो का?” ती नाही म्हणाली की मोठ्या बहिणीला विचारी. रात्री मोबाईलवर लक्षणे टाकून रोग शोधी. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना जेरोम के. जेरोम यांची १८८९ सालची होडीतून प्रवास करणाऱ्या तिघांची विनोदी कादंबरी माहीत असेल. तिचा नायक ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचे पुस्तक वाचायला बसतो आणि, मोलकरणींच्या गुडघ्याला होणारा एक विकार सोडला तर, त्यातले सगळे रोग आपल्याला आहेत असे ठरवून बाहेर पडतो. माझे तंतोतंत तेच झाले होते. मला फक्त हसू येत नव्हते.

मित्रांना मात्र येत होते. त्यांनी माझे नाव ‘कार्डिओ’ ठेवले. मी त्यांच्यावर रागावलेलो नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ठेवले असते. पण नाव पडले आणि मी कॅन्टीनला जायचे सोडले. मग एस.टी.त गर्दी असली की ती सोडून पुढच्या गाडीची वाट पाहू लागलो. मग दाराजवळचा बाक धरला. मग पहिल्या तासाला दांडी. नोव्हेंबरच्या सत्र परीक्षेत दुसऱ्याच पेपरला, वीस मिनिटांत, कोरी उत्तरपत्रिका टेबलावर ठेवून मी सभागृहाबाहेर पळालो.

त्या दिवशी पर्यवेक्षणाला मराठीच्या मॅडम होत्या. पेपर संपल्यावर त्यांनी मला जिन्याखाली बसलेला पाहिला. मी मनाची तयारी केली की आता त्या ‘काही नाही, अभ्यास कर,’ म्हणतील. त्या शेजारच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “किती दिवस होतंय असं?” बस, एवढेच विचारले. चार महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सगळे सांगितले. त्यांनी मला मिरजेतल्या एका मनोविकारतज्ज्ञाचा पत्ता दिला आणि घरी आबांना स्वतः फोन केला.

आबांना पटवणे सोपे नव्हते. “माझं पोरगं काय येडं झालंय काय?” असे ते एकदा बोललेच. पण खर्चाच्या पावत्यांचा गठ्ठा त्यांनीच दिवाळीपूर्वी मोजला होता. अकरा हजारांच्या वर गेला होता. “एवढं केलं, हेबी करून बघू,” असे म्हणून ते माझ्याबरोबर आले.

मनोविकारतज्ज्ञांनी आधीचे सगळे अहवाल नीट वाचले, आणखी एकही तपासणी सांगितली नाही, आणि माझ्या दुखण्याला नाव दिले. अचानक उसळणाऱ्या भीतीचे झटके, म्हणजे पॅनिक अ‍ॅटॅक, आणि त्याला जोडून आलेली आजाराची सततची धास्ती. हे नवे फॅड नाही, हे मला नंतर वाचून कळले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात छातीत धडधड आणि वेदना होणाऱ्या, पण हृदयात दोष न सापडणाऱ्या सैनिकांविषयी डा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ सालीच लिहून ठेवले होते. ‘पॅनिक’ला स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० सालच्या आपल्या नियमावलीत स्थान दिले. बंदूक हाती घेतलेल्या शिपायांना जे होऊ शकते ते सांगलीच्या एस.टी.त मला झाले, तर त्यात शरम कसली?

औषधाबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितले की गोळ्यांचा उपयोग होतो, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नयेत. माझ्या बाबतीत आधी मानसोपचाराने सुरुवात करू, असे ठरले. माझ्या ओळखीच्या एका मुलीने गोळ्या घेतल्या आणि ती बरी झाली. यात कमीअधिक काही नाही. चष्मा लावणारा डोळ्यांचा व्यायाम करणाऱ्यापेक्षा हलका ठरत नाही.

तेथेच मला मानसोपचार करणाऱ्या बाई भेटल्या. आठवड्यातून एकदा पाऊण तास, अशा बारा बैठका झाल्या. मानसोपचार म्हणजे पलंगावर झोपवून बालपण विचारतात, अशी माझी चित्रपटावरून झालेली समजूत होती. प्रत्यक्षात तो गणिताच्या शिकवणीसारखा निघाला. फळा होता, वही होती आणि दर आठवड्याला गृहपाठ होता.

पहिल्या बैठकीत बाईंनी फळ्यावर एक वर्तुळ काढले. छातीत धडधड होते. मन म्हणते, हा हृदयविकार. त्यामुळे भीती वाढते. भीतीने धडधड वाढते. मन म्हणते, पाहा, मी म्हणत होतोच! ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलेली ही उपपत्ती आहे. आपल्या आज्ज्यांनी ती ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ एवढ्यात सांगितली आहे, हा भाग वेगळा. पण म्हण नुसती ओळख करून देते. वर्तुळ कुठे तोडायचे ते सांगत नाही.

मग त्यांनी शरीराचे काम समजावून सांगितले. धोका दिसला की मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन रक्तात सोडतात. हृदय जोरात चालते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, श्वास वाढतो. लढायला किंवा पळायला शरीर सज्ज होते. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या ग्रंथात याचे सविस्तर विवेचन केले. समोर वाघ असेल तर ही सज्जता जीव वाचवते. पण वाघ नसताना ती आली की माणूस बसल्या जागी धापा टाकतो. त्या धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि म्हणून बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. माझ्या डाव्या हाताच्या मुंग्यांचे रहस्य हे! ही लाट साधारणतः काही मिनिटांत शिखर गाठते आणि, आपण तिला नवे खाद्य दिले नाही तर, उतरते.

इथपर्यंत मला वाटत होते की आता बाई म्हणतील, ‘तर असे आहे, काही नाही.’ त्या म्हणाल्या नाहीत. उलट त्यांनी मला खुर्चीवर बसवून एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावला. हाताला मुंग्या आल्या. डोके गरगरले. एस.टी.तले निम्मे मरण मी मिरजेत खुर्चीवर, घड्याळ लावून, स्वतः तयार केले होते. पुढच्या आठवड्यांत जिना धावत चढणे, जागच्या जागी गोल फिरणे, बारीक नळीतून श्वास घेणे असे प्रकार झाले. ज्या संवेदनांना मी भीत होतो त्या मुद्दाम आणायच्या, त्यांत राहायचे आणि काय होते ते पाहायचे. वहीत तीन रकाने होते. पहिल्यात ‘काय होईल असे वाटते’, दुसऱ्यात ‘काय झाले’, तिसऱ्यात ‘यावरून काय शिकलो’. पहिल्या रकान्यात मी सतरा वेळा बेशुद्ध पडलो आहे. दुसऱ्यात एकदाही नाही. (हे सगळे त्यांनी माझे अहवाल पाहून आणि डॉक्टरांना विचारून केले. घरी वाचून कुणी लगेच गोल फिरू नये.)

येथे अल्बर्ट एलिस यांची आठवण होते. १९५५ पासून त्यांनी जी पद्धत मांडली तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. ते स्वतः सांगत की एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायची त्यांना भयंकर भीती वाटे. म्हणून त्यांनी न्यूयॉर्कच्या एका वनस्पतिउद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या शंभर स्त्रियांशी बोलण्याचा नेम केला आणि तडीला नेला. एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही! पण कुणी त्यांना मारले नाही, पोलिसांना बोलावले नाही, आणि भीती गेली. आमच्या वर्गातल्या काही मित्रांनी या उपचारात फार रस दाखवला. त्यांना एवढेच सांगतो की एलिस भीतीवर उपचार करीत होते, दुसऱ्याला त्रास देत नव्हते.

बाहेरचा गृहपाठ अधिक कठीण होता. ऑक्सिमीटर आईच्या कपाटात कुलूपबंद. नाडी पाहावीशी वाटली तर अर्धा तास थांबायचे, पुढच्या आठवड्यात एक तास. मोबाईलवर रोग शोधायचा नाही. ‘चेहरा पांढरा आहे का?’ असे विचारायचे नाही, आणि मी विचारलेच तर घरच्यांनी उत्तर द्यायचे नाही. हे आईला फार जड गेले. बाईंनी तिला एक वाक्य शिकवले होते, “तुला भीती वाटते ना? मी इथंच बसते.” ती ते पाठ केल्यासारखे म्हणे आणि मग खरोखरच बसे, तांदूळ निवडत.

सहाव्या बैठकीत बाईंनी विचारले, “हे ऑक्सिमीटर तुझ्याकडे कुठून आलं?”

ते तात्यांचे होते. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते घरीच वरच्या खोलीत झोपून होते. मी दहावीला होतो, परीक्षा रद्द झाली होती, हाती काम नव्हते. म्हणून तात्यांचे आकडे वहीत लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. एका संध्याकाळी त्र्याण्णव आकडा आला. तात्यांनी दाराआडून विचारले, “किती रं?” मी म्हणालो, “त्र्याण्णव. काही नाही तात्या, बरंय.” मला खरोखरच ते बरे वाटले होते, शंभरात त्र्याण्णव म्हणजे डिस्टिंक्शनच्या वर! चौऱ्याण्णवच्या खाली आकडा गेला की डॉक्टरांना कळवायचे असते, हे मला माहीत नव्हते. दोन दिवसांनी त्यांना नेले. ते परत आले नाहीत.

हे मी कुणालाही सांगितले नव्हते. बाईंनी ऐकून घेतले. ‘तुझी काही चूक नाही’ हे वाक्य त्यांनी पटकन माझ्या अंगावर फेकले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी विचारले, “तुझ्या जागी तुझा वर्गातला मित्र असता, दहावीतला, तर त्याला तू काय म्हणाला असतास?” मी बराच वेळ बोललो नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून पूर्ण दिलेले नाही. पण एक गोष्ट त्या दिवशी उमगली. ‘काही नाही’ या शब्दांवरून माझा विश्वास का उडाला होता, ते मला कळले. ते शब्द मी स्वतः एकदा उच्चारले होते आणि ते खोटे ठरले होते. मग दुसऱ्याने उच्चारले तर मी त्यांवर कसा विसंबणार?

मी बाईंना म्हणालो, “मला काही होणार नाही, असं तुम्ही लिहून द्याल का?” त्या म्हणाल्या, “नाही. मला देता येणार नाही. तुझ्या डॉक्टरांना येणार नाही, मलाही माझ्या स्वतःविषयी येणार नाही. खात्री मिळाल्यावर जगायला लागायचं, असं तू ठरवलं आहेस. बाकीचे सगळे खात्रीशिवायच जगतायत.” विचित्र वाटेल, पण कुणी हमी द्यायला नकार दिल्यावर मला पहिल्यांदा सुटल्यासारखे वाटले.

फ्रेंच नाटककार मोलियर याने रोगभ्रमाने पछाडलेल्या माणसावर प्रहसन लिहिले. १६७३ साली तो स्वतःच त्या माणसाची भूमिका करीत होता, आणि चौथ्या प्रयोगानंतर काही तासांतच वारला. त्याला रोग खराच होता. ही हकीकत मला पूर्वी कळली असती तर मी महिनाभर झोपलो नसतो. आज ती मला वेगळे सांगते. भित्र्या माणसाला रोग होतच नाही, असे नाही. म्हणून छातीत पहिल्यांदा दुखले तर डॉक्टरकडे जावेच, नीट तपासून घ्यावे, नवे काही उद्भवले तर पुन्हा जावे. पण एकदा नीट तपासल्यावर तेच पुन्हापुन्हा तपासत बसणे ही काळजी नव्हे, ते व्यसन आहे. आणि प्रत्येक व्यसनासारखे ते मात्रा वाढवून मागते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी त्याच सभागृहात परीक्षेला बसलो. दुसऱ्या प्रश्नाला सुरुवात केली आणि ओळखीची लाट आली. धडधड, घाम, मुंग्या. मी पेन खाली ठेवले आणि मनात म्हणालो, आलास? बस. सात-आठ मिनिटे गेली. भीती गेली नाही, पण मी दारातून गेलो नाही. मग लिहिले. एका पेपरला ए.टी.के.टी. लागली ती नोव्हेंबरची थकबाकी होती; तीही आता निघाली. मी ‘पूर्ण बरा’ झालो असे म्हणणार नाही. या वर्षी दोनदा लाट आली. पण एस.टी. सोडावी लागली नाही.

आता माझे मत. आपण भित्र्या माणसाला धीर देतो, कारण धीर देणे सोपे असते आणि त्याने देणाऱ्याला बरे वाटते. परंतु या दुखण्यात धीर हे औषध नसून चिलमीचा झुरका आहे. भीतीतून बाहेर येणे ही एक विद्या आहे. ती शिकवावी लागते, तिचा सराव करावा लागतो, आणि शिकवणारा जाणता लागतो. पोहणे येत नसलेल्याला काठावरून ‘काही नाही, पाणी उथळ आहे’ असे ओरडून सांगणे आणि पोहायला शिकवणे यांत जो फरक आहे, तोच हा.

आणि शिकवणारा जवळ हवा. आपल्या महाविद्यालयात ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे. प्राचार्य महोदयांनी राग मानू नये, पण मी नोव्हेंबरमध्ये ज्या जिन्याखाली बसलो होतो, त्याच्याच शेजारी ही पाटी आहे, आणि आत क्रिकेटच्या पेट्या व स्नेहसंमेलनाचे पडदे आहेत. मला मिरज परवडले, कारण मॅडम भेटल्या आणि आबा आले. ज्याला दोन्ही नाहीत त्याने काय करायचे? पेट्या हलवाव्यात आणि आठवड्यातून दोन दिवस एखाद्या प्रशिक्षित व्यक्तीला बसवावे. मानसशास्त्र विभागाच्या प्राध्यापकांवर हे ओझे टाकू नये; शिकवणे आणि उपचार करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत.

दुसरे असे की सरकारी सोयींची माहिती फलकावर लावावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक उपचार मिळणे हा आपला हक्क मानला आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. सभागृहात उत्तेजक बक्षिसांच्या यादीशेजारी एवढी एक ओळ मावेल.

गुरुजनांना विनंती आहे की एखादा विद्यार्थी तासाला उठून बाहेर गेला तर सगळ्यांदेखत कारण विचारू नये. तास संपल्यावर जिन्यापाशी विचारावे. आणि मित्रहो, तुमच्या वर्गातही एखादा ‘कार्डिओ’ असेल. त्याला नाव ठेवायला माझी हरकत नाही, पण त्याला कॅन्टीनला बोलवायचे थांबवू नका. तो घाबरला तर त्याला उपदेश करू नका, इंटरनेटवरचे उपाय पाठवू नका, आणि कृपा करून ‘काही नाही’ म्हणू नका. ‘किती दिवस होतंय?’ एवढे विचारा आणि शेजारच्या पायरीवर बसा. पुढचे काम शिकलेल्या माणसाचे आहे; पण त्याच्यापर्यंत त्याला पोचवणे हे तुमचे आहे.

तात्यांचे ऑक्सिमीटर अजून आईच्या कपाटात आहे. मागच्या महिन्यात आज्जीला ताप आला तेव्हा ते काढले, एकदा लावले, आकडा डॉक्टरांना फोनवरून कळवला आणि परत ठेवून दिले. आज्जीने विचारले, “किती हाय रं?” मी आकडा सांगितला, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितले. तिला भीती वाटत होती. मग मी तिथेच बसलो.